रुंद पाइप आणि दहा मिनिटांचा कबुलीजबाब

ती घटना आठवली की आजही माझा स्वतःवर विश्वास बसत नाही. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर वर्षभर घरी बसून बायकोचं डोकं खाल्लं आणि मग ओळखीतून कुवेतला गेलो. शुवैखच्या औद्योगिक भागात, गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. हुद्दा भारदस्त, काम बरंचसं चौकीदाराचं. तरी सवय जात नाही, म्हणून स्टेशन डायरीसारखी एक वही ठेवली होती. कोण आलं, कोण गेलं, कोणती गाडी कोणत्या लिफ्टवर, सगळी नोंद.

आमच्याकडे वेगवान गाड्यांचे शौकीन यायचे. एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनाचा धूर मागे बाहेर टाकणारी पाइपची लाइन, बदलून गाडीची ताकद वाढवायची, एवढाच ध्यास. कुणाला मागचा सायलेन्सर बदलून नुसता आवाज हवा असायचा, तर कुणाला इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सगळी लाइन नवी. आमचा फिटर दापोलीकडचा, पन्नाशीचा, अर्धं आयुष्य कुवेतमध्ये काढलेला. तो प्रत्येकाला सांगायचा की पाइप जितका रुंद तितकी ताकद जास्त, हा गैरसमज आहे. नको तितका रुंद घेतला तर कमी वेगाला गाडी उलट मरगळते, इंजिनाला साजेल तेवढाच घ्या. हौशी गिऱ्हाइकांना हे ऐकायला नको असायचं.

बँकेत काम करणाऱ्या एका पुणेकर गृहस्थांना त्याने असंच समजावून अडीच इंची पाइप बसवून दिला होता. काही महिन्यांनी शहरातल्या जाब्रिया भागात एका क्लिनिकबाहेर त्यांची पत्नी गाडीत बेशुद्ध सापडली. नवरा औषधं घ्यायला आत गेला होता. तिथल्या उन्हाळ्यात गाडी बंद करून कुणी आत बसत नाही. इंजिन चालू, काचा बंद, एसी सुरू. एक्झॉस्टची गळती होऊन विषारी वायू आत शिरत होता. डॉक्टर दहा पावलांवर होते म्हणून बाई वाचल्या.

गृहस्थ संतापून वर्कशॉपमध्ये आले आणि फिटरविरुद्ध पोलिसांत जाण्याची भाषा करू लागले. मुदीरने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, चौकशी माझ्याकडे दिली. त्याच दुपारी स्टोअरकीपरने मला बाजूला घेऊन खबर दिली की त्या कामासाठी नवं गॅस्केट स्टोअरमधून निघालंच नव्हतं. जोडाच्या मधे बसणारी ती चकती जुनीच वापरली तर गळती होते. मला धागा मिळाला. गाडी अजून जाब्रियातच होती, पण तिची वाट पाहावी असं मला वाटलं नाही.

फिटरला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, दार लावून घेतलं. आधी घरची, मुलीच्या लग्नाची चौकशी केली. मग स्टोअरचं रजिस्टर पुढे सरकवलं. त्याने दोनदा सांगितलं की काम चोख केलं होतं. मी त्याला पुरतं बोलू दिलं नाही. आवाज खाली आणून म्हणालो, "चूक कुणाच्याही हातून होते. मान्य कर, मी मुदीरशी बोलतो, इथल्या इथे मिटेल. नाही म्हणालास तर मग पोलीस आणि तू."

त्याने कप बाजूला सरकवला. मग म्हणाला, "झाली असंल माझ्याच हातून." मी जबाब लिहून घेतला, त्याने सही केली. दहा मिनिटं लागली. त्या दिवशी मी जाम खुशीत होतो.

मुदीरने मात्र मिटवलं नाही. त्याच कागदावर त्याने मंदूबला, म्हणजे सरकारी कागदपत्रं करणाऱ्या माणसाला, फिटरचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द करायला सांगितलं. आठवड्याच्या आत त्याची परत पाठवणी होणार होती.

तिसऱ्या दिवशी गाडी टो करून आली आणि लिफ्टवर चढली. केरळी फोरमन खालून बघून म्हणाला, "साब, यह पाइप हमारा नहीं है।" मोजला तर तीन इंची. जोडाची तोंडं जुळत नव्हती आणि फट कसलीशी पेस्ट लावून बुजवली होती. जॉब कार्डावर स्पष्ट अडीच इंच लिहिलेलं. आमच्या पाइपचं गॅस्केट किटच्या खोक्यातच आलं होतं, त्यामुळे स्टोअरमधून काढायचं कारणच नव्हतं.

गृहस्थांना बोलावलं. ते खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. गाडीच्या वार्षिक सरकारी तपासणीत बदललेला एक्झॉस्ट चालत नाही, मूळचा सायलेन्सर परत लावावा लागतो. ते काम त्यांनी दुसऱ्या एका शेडमध्ये करून घेतलं आणि तपासणी झाल्यावर आणखी ताकदीच्या लोभाने तिथेच रुंद पाइप बसवून घेतला. बायकोला काय तोंड दाखवायचं, म्हणून गप्प राहिले होते.

आधी पंचनामा, मग माणूस, हे मी स्वतः नव्या फौजदारांना शिकवलं होतं. धावत मुदीरकडे गेलो, चूक माझी आहे असं लिहून दिलं. इकामा वाचला.

मग फिटरसमोर उभा राहिलो आणि विचारलं, न केलेलं कबूल का केलंस? तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमी आधीच ठरवलेलात. दोनदा नाय म्हटलं, तुमी ऐकलात कुठं? मानलं तर सुटशील, असं तुमीच बोललात."

पोलिसांच्या नोकरीत मी कधी कुणावर हात उचलला नाही, याचा मला फार अभिमान होता. चहा पाजून कबुली काढणारा अधिकारी, अशी माझी ख्याती. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, पण तो मिळाला की सगळा तपास त्याच माणसाभोवती फिरतो आणि दुसरीकडे कुणी बघतच नाही. इथे गाडी लिफ्टवर चढली म्हणून खरं कळलं. पोलीस ठाण्यातल्या माझ्या केबिनमधून मान खाली घालून गेलेल्या बाकीच्यांचं कोण तपासणार?

त्यांतल्या एकाने तुरुंगातच जीव दिला. त्यानेही आधी दोनदा नाही म्हटलं होतं.