सांधा दिसलाच पाहिजे

"ते डिफेक्ट काढून टाक आणि फाइल परत पाठव," नितीन सर म्हणाले.

ते मुंबईच्या ऑफिसात होते आणि मी रत्नागिरीत, माझ्या घरी, लॅपटॉपसमोर. दोघांच्याही स्क्रीनवर मी केलेलं पडद्याच्या कापडाचं डिझाइन उघडलेलं होतं. फिकट हिरवं मासेमारीचं जाळं. त्यात मध्येच कुठे नारिंगी, कुठे निळ्या, कुठे पांढऱ्या दोऱ्याने सांधलेले वेडेवाकडे तुकडे. सर त्या तुकड्यांना डिफेक्ट म्हणत होते. माझ्या लेखी डिझाइन तेवढंच होतं, बाकीच्या नुसत्या चौकटी.

मी विचारलं, "ते काढले तर उरतं काय, सर?"

"स्वच्छ जाळं उरतं. तेच विकलं जाईल."

मी टेक्स्टाइल डिझायनर आहे. पडदे, चादरी, सोफ्याची कापडं यांच्यावर जी फुलं, पानं, रेघा दिसतात, त्या कोणीतरी बसून काढलेल्या असतात. ते माझं काम. बरीच वर्षं मुंबईत नोकरी केली. मग आईवडील थकले तशी रत्नागिरीला परत आले आणि त्याच कंपनीसाठी घरून, कॉन्ट्रॅक्टवर काम करू लागले. नितीन सर माझे जुने बॉस. माणूस वाईट नाही. पण विकलं न गेलेलं कापड गोडाऊनमध्ये पडून राहिलेलं त्यांनी खूपदा पाहिलंय, आणि ती भीती त्यांच्या प्रत्येक निर्णयात असते.

त्या वर्षीच्या कलेक्शनची थीम होती कोस्टल, म्हणजे समुद्रकिनारा. ऑफिसने संदर्भासाठी फोटो पाठवले होते. पांढरी वाळू, निळ्या पट्ट्यांची छत्री, नांगर, दीपगृह, शिंपले. सगळं कुठल्या तरी परदेशी वेबसाइटवरून उचललेलं. मी चार दिवस इमानदारीत नांगर काढत बसले. एकही नांगर मला आवडला नाही. आमच्या समुद्राचं आणि त्या फोटोंचं काही नातंच नव्हतं.

मग एका सकाळी मासळी आणायला मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले. मे महिना संपत आला होता. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्यामुळे बोटी किनाऱ्याला लावून जाळी बाहेर काढायची धांदल सुरू होती. धक्क्यावर जाळ्यांचे ढीग पडले होते. बर्फाचं पाणी, डिझेलचा वास, ओरडाआरडा. मी पिशवीत बांगडे घेऊन त्या ढिगांमधून वाट काढत होते आणि एका पसरलेल्या जाळ्यापाशी थांबले.

उन्हाने उडालेला हिरवा रंग. त्यात ठिकठिकाणी दुसऱ्या रंगाने विणलेले तुकडे. एक लांबट, एक तिरका, एक जेमतेम तळहाताएवढा. दोन तुकडे एकमेकांवर चढलेले, म्हणजे सांधलेलं पुन्हा फाटलं होतं आणि पुन्हा सांधलं होतं. कोणीही ठरवून रंग निवडलेले नव्हते. पण मी ठरवूनही इतके चांगले निवडले नसते. कॉलेजात शिकले तेव्हापासून आजपर्यंत रंगांचे शेकडो ताळमेळ मी बसवलेत. हा माझ्या हातून कधीच झाला नसता, कारण मी प्रत्येक रंग विचार करून ठेवते.

जाळ्यापाशी एक म्हातारे मच्छीमार बसले होते, खलीलचाचा; नाव मला नंतर कळलं. पूर्वी बोटीवर जायचे, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून किनाऱ्यावर बसून जाळी सांधतात. हातात प्लास्टिकची चपटी सुई, तिला गुंडाळलेला दोरा. मी फोटो काढायला लागले तसे ते वैतागले.

"फाटलेलं काय बघताव, मॅडम? नवीन जाळं बघा, तिकडे आहे."

मी सांगितलं की मला हेच आवडलंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मेलेला मासा जिवंत म्हणून विकत घेतलाय.

घरी येऊन बांगडे ओट्यावर तसेच ठेवले आणि काम सुरू केलं. दोन आठवड्यांत डिझाइन तयार झालं. आणि तिथेच खरी अडचण आली.

कापडावरची छपाई बहुतेक वेळा रोटरी पद्धतीने होते. धातूचा एक पोकळ दंडगोल असतो, त्याच्या अंगावर बारीक छिद्रांनी चित्र उमटवलेलं असतं. तो फिरतो आणि खालून कापड सरकतं. दंडगोलाचा एक फेरा पुरा झाला की चित्र पहिल्यापासून सुरू. याला आम्ही रिपीट म्हणतो. फुलांच्या डिझाइनला त्याने काही बिघडत नाही. पण सांधलेला तुकडा दर हातभर अंतरावर तसाच, त्याच जागी दिसला, की डोळ्याला लगेच कळतं की हे खोटं आहे. जाळं कधी ठरावीक अंतरावर फाटत नाही. म्हणून मी रिपीट खूप लांब ठेवला होता. त्यासाठी डिजिटल छपाई लागते, म्हणजे कागदावर प्रिंट काढतो तशी थेट कापडावर. ती होते, पण सावकाश होते, आणि कंपनीला ती नको होती.

नितीन सरांनी मधला मार्ग काढला. तुकडे ठेवू, पण सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे, ठिपक्यांसारखे. मी नाही म्हटलं. मग ते म्हणाले की तू फाइल पाठव, इथली मुलं करतील ते बदल. मी त्यालाही नाही म्हटलं.

"वर्षा, तू कॉन्ट्रॅक्टवर आहेस," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, "मला माहीत आहे. जाळ्याच्या चौकटी पाठवते, त्या कोणीही काढू शकतं. सांधे पाठवणार नाही. तुम्हाला ते नकोच आहेत, तर ते माझ्याकडे राहू देत."

त्यांनी हे ईमेलवर मान्य केलं, बहुधा माझ्या कटकटीतून सुटण्यासाठी. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. हातात दुसरं काम नव्हतं. आईवडिलांची औषधं याच कामावर चालत होती. पण सकाळी उठल्यावर वाटलं ते एवढंच, की स्क्रीनवर भांडून आपण चूक केली. पिक्सेल बघून कोणालाच काही कळत नाही. खरी वस्तू दाखवायला हवी.

पुन्हा मिरकरवाड्याला गेले. खलीलचाचा आता ताडपत्रीच्या छपराखाली बसले होते, मासेमारी बंद झाली होती. मी त्यांना जाड सुती दोऱ्याचा एक पडदा विणून द्यायला सांगितलं. जाळ्यासारखाच, पण घरात लावायचा. मग तो मी तीन-चार ठिकाणी कापणार आणि त्यांनी तो रंगीत दोऱ्याने सांधायचा.

पडदा विणायला ते तयार झाले. मोबदला त्यांनी स्वतःच सांगितला, तो चांगला घसघशीत होता, मी घासाघीस केली नाही. पण कापायच्या गोष्टीवर अडून बसले. चांगलं विणलेलं मुद्दाम कापायचं हे त्यांना पटेना. त्याहून जास्त खटकत होता रंगीत दोरा. मला वाटलं होतं की त्यांना त्या रंगांचा अभिमान असेल. तसं काही नव्हतं.

"बोटीवर हाताला लागेल तो दोरा घेतो आम्ही," ते म्हणाले. "सीझन थांबत नाय कोणासाठी. घरात बसून करायचं तर जाळ्याच्याच रंगाच्या दोऱ्याने करीन. सांधा दिसला तर लोक म्हणतील, खलीलचा हात गेला."

आता गंमत बघा. मुंबईत सर सांधे लपवा म्हणत होते आणि ज्यांच्यामुळे हे सुचलं तेही तेच म्हणत होते. मी दोघांच्या मधे एकटी. पण चाचांच्या म्हणण्यात माणसाची इभ्रत होती, गोडाऊनची भीती नव्हती. म्हणून त्यांच्याशी वाद घालायला बरं वाटलं. मी त्यांना म्हटलं की तुमचा सांधा लपला तर बघणाऱ्याला वाटेल, हे मशिनने विणलंय. तुम्ही तिथे होता हे कोणाला कळणार? ते सुईत दोरा भरत राहिले. त्यांच्या शेजारी त्यांची सून रुक्साना जाळ्याच्या कडेला शिशाची वजनं बांधत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "अब्बा, नारिंगी द्या. नारिंगी चांगला दिसंल."

चाचांनी नारिंगी दोरा घेतला. पण कापू मला दिलं नाही. कात्री स्वतः चालवली.

पडदा तयार होत आला तेव्हा मुंबईत खरेदीदारांची मीटिंग ठरली. हॉटेलांना लागणारं कापड घेणाऱ्या एका मोठ्या ग्रुपच्या प्रमुख, पारेख मॅडम, येणार होत्या. मला बोलावणं होतं ते चौकटीच्या डिझाइनसाठी. पडद्याचं मी सरांना कळवलं, तेव्हा तो आणू नकोस असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मी तो आणला. गुंडाळी काखोटीला मारून कॉन्फरन्स रूममध्ये गेले आणि कोणाला न विचारता खिडकीच्या रॉडवर अडकवला. नितीन सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी काही म्हणायच्या आत पारेख मॅडम आल्या.

टेबलावर नांगर होते, शिंपले होते, स्वच्छ जाळ्याचं छापील कापड होतं. ते सगळं त्यांनी पटापट पाहिलं. मग उठून खिडकीपाशी गेल्या. दुपारचं ऊन पडद्यातून आत येत होतं आणि जाळ्याची सावली टेबलावर पडली होती. त्यांनी एका सांध्यात बोटं घातली आणि चांगला जोरात ओढला. तो तसूभर हलला नाही.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. खलीलचाचांचं नाव सांगितलं, रुक्सानाचंही सांगितलं.

त्यांना कर्नाटकातल्या एका समुद्रकाठच्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलसाठी टेबलांमधले पडदे हवे होते. हेच चालतील म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या की सगळे एकसारखे लागतील. नारिंगी इथे, निळा इथे, सगळ्यांवर त्याच जागी.

"होईल मॅडम," नितीन सर लगेच म्हणाले.

"होणार नाही," मी म्हटलं.

मी सांगितलं की हे हाताने विणलेलं जाळं आहे. सांधा माणूस ठरवतो, प्रत्येक पडद्यावर तो वेगळा येईल. सगळे सारखे हवे असतील तर टेबलावर छापील कापड आहे, तेही चांगलं आहे, ते घ्या. हे घ्यायचं तर असंच घ्यावं लागेल.

पारेख मॅडम हसल्या आणि सरांना म्हणाल्या, "या तुमच्याकडे आहेत अजून?"

"कॉन्ट्रॅक्टवर," सर म्हणाले.

त्यांनी ऑर्डर दिली. मोठी नव्हे, फक्त त्या एका हॉलपुरती. बाकीच्या हॉटेलांसाठी त्यांनी नांगर घेतले. हेही सांगायला हवं.

मीटिंगनंतर नितीन सरांनी मला चहा पाजला आणि अगदी सभ्य शब्दांत सांगितलं की पुढच्या सीझनला कॉन्ट्रॅक्ट वाढवता येणार नाही. हातमागाची, हातकामाची कामं कंपनीच्या गणितात बसत नाहीत. पडद्यांची ऑर्डर मी माझ्या नावावर घ्यावी, कंपनीला त्यात रस नाही. मी होय म्हटलं. परतीच्या प्रवासात मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. फार भूक लागली होती.

हॉलचे पडदे त्या पावसाळ्यात ताडपत्रीखालीच झाले. चाचांनी शेजारच्या दोघांना हाताशी घेतलं. रंग रुक्साना ठरवायची, आणि चाचा दर वेळी नाकं मुरडायचे. एका पडद्यावर त्यांनी चक्क पडद्याच्याच रंगाच्या दोऱ्याने सांधा घातला, मला न सांगता. रुक्सानाने सांगितलं तेव्हा कळलं, आणि तरी शोधून सापडला नाही इतका बेमालूम. मी तो तसाच पाठवला.

कंपनीचं स्वच्छ जाळ्याचं कापड बाजारात आलं. रत्नागिरीतल्या एका दुकानात मी ते पाहिलं. दुकानदाराला विचारलं कसं खपतंय, तर म्हणाला की बरं खपतंय, पण गिऱ्हाईक विचारतं, मच्छरदाणीचं कापड आहे का.

आता मी स्वतःचं काम करते. लहान आहे, पण चालतंय. चटया, दोऱ्या, टोपल्या, गोधड्या, जे कोकणात हाताने होतं ते बघत फिरते आणि त्यातून सुचेल ते करते. या सगळ्यातून व्यवहाराची एक गोष्ट मात्र पक्की शिकले. क्लायंटला फाइल आधी दाखवायची नाही. आधी कापड हातात द्यायचं आणि ओढून बघा म्हणायचं.