हौसाआत्याची विहीर

महिन्यापूर्वी सकाळी शाळेत शिकवायला निघाले होते, तेवढ्यात आतेभावाचा फोन आला. "ताई, आई गेली... झोपेतच." नाशिक रोडहून रिक्षा करून गावी पोचले, तर बौद्धवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटलांच्या घरच्या बायकाही ओट्यावर बसून रडत होत्या. हौसाआत्या नवी नवरी होती तेव्हा याच पाटलांच्या घरी, भांड्याला शिवू नये म्हणून, तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं जायचं. तिथून इथवर ती कशी आली, ते सांगावंसं वाटतं.

आमचं गाव औद्योगिक वसाहतीच्या उतारावर. नव्वदच्या दशकात वर रंगाचा कारखाना आला आणि त्याचं सांडपाणी ओढ्यात सुटू लागलं. गावाने आम्हाला पूर्वीपासून जागा दिलेली खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. म्हणून आधी नासली ती आमची विहीर. पाणी तांबूस झालं, पोरांच्या अंगावर चट्टे उठले. पुरुष कामाला निघून जायचे, पाण्याची वणवण मात्र बायकांच्या डोक्यावर. आत्या हंडा घेऊन लांबच्या मळ्यावर जायची. मळेवाल्याच्या मनात असलं तर भरायची, नसलं तर रिकामा हंडा घेऊन परत.

एकदा ती सरळ ग्रामसभेत जाऊन उभी राहिली. बाईमाणूस म्हणून ती एकटीच. सरपंच म्हणाले, "हौसाबाई, गावातली पोरं कारखान्यात कामाला हायेत. तुमच्या पाण्यापायी त्यांची रोजी घालवायची का?"

आत्या म्हणाली, "पगार तुमच्या घरात आन् घाण पाणी आमच्या. ही वाटणी कुणी केली, सरपंच?"

सरपंचांनी पुढचा विषय काढला. पण पुढच्या उन्हाळ्यात पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीलाही तोच रंग चढला, तेव्हा पाटलांची सून सीताकाकू, जन्मात पहिल्यांदाच, बौद्धवाड्यात आली. "हौसा, आता काय करायचं गं?" मागचं काही न काढता आत्याने एवढंच विचारलं, "माझ्यासंगं उन्हात बसशील?"

दोन्हीकडच्या बायका रिकामे हंडे घेऊन कारखान्याच्या फाटकासमोर बसल्या. गंमत म्हणजे फाटकावर पहारेकरी होते आत्याचे यजमान, आमचे मामा. मॅनेजर बाहेर येऊन ओरडला, "वॉचमन, हटवा यांना!" मामांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, "साहेब, फुडं बसलीय ती माझी बायको हाय. घरात माझं ऐकत नाय, हितं काय ऐकणार?" बायका अशा हसल्या, की बंदोबस्ताच्या पोलिसांनाही हसू आवरेना. संध्याकाळी मामांची नोकरी गेली. घरात उद्याची चिंता होती, तरी आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "लय भारी बोलला तुम्ही." हा किस्सा सांगताना म्हातारपणीही मामांची छाती फुगायची.

बायका उठल्या नाहीत. प्रदूषण मंडळाचे अधिकारी आले, पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या, आणि सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसेपर्यंत कारखाना बंद ठेवायचा हुकूम निघाला. आमची विहीर उपसली, तळचा गाळ काढला. काही पावसाळे गेल्यावर पाणी पिण्याजोगं असल्याचा अहवाल आला. त्या दिवशी सीताकाकू विहिरीवर आली आणि आमच्या भांड्याला शिवायचं नाही या जुन्या सवयीने तिने ओंजळ पुढे केली. आत्याने तिच्या हातात तांब्याच दिला. "तोंड लावून पी, सीता." अख्खं गाव बघत होतं... सीताकाकू तांब्या रिकामा होईपर्यंत प्याली. आत्या पुढे ग्रामपंचायतीवर निवडून आली. कारखान्याच्या पाण्याची तपासणी मग आमच्या बायकांच्या देखत होऊ लागली.

विहीर नासलेली होती तेव्हा आमच्या घरांत एक कापड पांढरं राहिलं नव्हतं. पाणी निवळल्यावर आत्या पांढऱ्या लुगड्याशिवाय दुसरं काही नेसली नाही. बायका म्हणायच्या, "नवरा असताना पांढरं काय?" ती म्हणायची, "रंगाच्या कारखान्याला दिसू दे की!"

परवा मी पुन्हा गावी गेले, तर सुनेने तिची सगळी लुगडी विहिरीवर धुऊन अंगणात दोरीवर टाकली होती. वाऱ्याने ती फडफडत होती. वरच्या रस्त्याने रंगाच्या कारखान्यातल्या, पाळी सुटलेल्या कामगारांची बस चालली होती. खिडक्यांतल्या बायका मान वळवून बघत होत्या, आणि त्यांतल्या एकीने हात वर केला.