तोंडात लेकरं घेणारी मासोळी

गेल्या उन्हाळ्यात घनसावंगीला मामाकडं गेल्ते, तवा गोदावरीच्या काठाला उथळ पाण्यात, शेवाळात, बोटाएवढे मासे दिसले. पाठीवरच्या परावर काळा टिपका, अंगावर अंधुक पट्टे. फोटो काढून मोबाईलच्या ॲपला दाखवला तर ते म्हणलं, सनफिश! अमेरिकेतला! मी तिथंच उड्या मारल्या, खरंच. आठ मासे बाटलीत भरले अन् कुणालाच न सांगता मामाच्या शेततळ्यात सोडले. मामानं त्यात रोहू पाळलेले.

दिवाळीला परत गेले अन् रोज तळ्याच्या काठाला, घसरू नये म्हणून बांधलेली दोरी धरून बसायला लागले. ऊन पाण्यात खाली खाली उतरायचं, पिवळं, मंग हिरवं, मंग नुसतं काळं. बघता बघता वाटायचं, वर आभाळ न्हाईच, तिकडं पण पाणीच आहे अन् मी मधी कुठंतरी तरंगून राह्यले. एका दुपारी एक मोठी मासोळी काठाला आली, भवती बारीक पिल्लांचा ढग. माझी सावली हलली, तिनं तोंड उघडलं अन् सगळा ढग आत! मला श्वासच घ्यावा वाटेना.

मामानं रोहू काढायला बोलावलेले जाळंवाले काका शेजारीच जाळं सोडवत होते.

"काका, त्या टिपक्यावाल्या सनफिशनं पिल्लं गिळली!"

"गिळली न्हाई बाई, लपिवली. अन् सनफिश कसला? चिलापी हाये, तिलापिया म्हणतेत ती. तोंडात लेकरं घेती ती चिलापीच. टिपक्यावर काय जाती?"

"मंग रोहूचं?"

"त्याच्या वाटचं हीच खाती. हाडकले आसतील सगळे."

तेवढ्यात बांधावरून मामा म्हणले, "कॅनॉलच्या पाइपातून आली आसन."

नुसतं हो म्हणलं असतं तरी भागलं असतं.

"मामा, मी सोडल्ते. आठ."

मामा बांधावरून खाली उतरले. "भाचीला आहेर करतेत म्हणून ऐकलं होतं. तू मामालाच केला का गं? धर आता जाळ्याचं दुसरं टोक. चिलापी तूच निवडायची."

दिवस कलेपर्यंत निवडत बसले. चिलापीचे पाठीवरचे काटे बोटाला टोचायचे, रोहू बिलकुल टोचायचा न्हाई, हातातून गार सुळकन सटकायचा. सगळे रोहू बारीकच राह्यलेले. मंग एक चिलापी हाताला लागली, तिचा गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेलं. हात थांबला माझा.

मामानं चिलापीची टोपली पुढं सरकवली. मी टोपलीत टाकली.