उलटा खांब

एकोडीजवळच्या जंगलातला बंगला एका इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या मुलखातल्या घरांसारखा बांधून घेतला होता. आधी सागवानाचा उभा-आडवा सांगाडा, सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले, मग मधल्या चौकटींत विटा. भिंती नुसत्या आडोशाला. सगळा भार लाकडावर.

मागच्या खोलीचा कोपऱ्यातला खांब वाळवीने खाल्ला, तेव्हा परसराम सुताराला बोलावणं आलं. त्याचे गुडघे गेले आहेत. हे शेवटचं काम, असं त्याने घरी सांगून टाकलं होतं. लाकडाच्या डेपोतून सागाचा एकच ओंडका मिळाला. दुसरा मिळणार नव्हता.

टेकू लावून जुना खांब उतरवला, तर त्याचा जाड बुंधा वरच्या बाजूला निघाला. इकडे खांब झाड उगवतं तसाच उभा करतात, बुंधा खाली. उलट्या खांबाच्या घरात माणूस टिकत नाही म्हणतात. जुन्या सुताराची चूक समजून परसरामने नवा खांब सुलटा बेतला आणि शेंडा तासूनही टाकला.

उभा केल्यावर कळलं. दोन तुळया त्या एकाच डोक्यात बसायच्या होत्या, आणि शेंड्यात दुसऱ्या खाचेपुरतं लाकूडच नव्हतं. जाड टोक वर ठेवलं होतं ते मुद्दाम. परसराम खांब उतरवून जोत्यावर बसून राहिला.

"काहून बसले, भाऊ?" रंभाबाईने विचारलं. ती बंगला राखते, पाहुण्यांना रांधते आणि त्याच मागच्या खोलीत झोपते.

"खांब पलटवा लागते."

"उलटा? माह्या डोक्यावर? मी नाही झोपत मंग तेथी."

"जुनाबी उलटाच होता वो बाई. त्याच्याच खाली म्हाताऱ्या झाल्या तुमी."

"म्हणूनच आमचे घरधनी गेले असन."

"त्याइले दारूनं नेलं. खांबाले कायले बोल लावता?"

बुंध्याकडचं टोक अजून अखंड होतं. परसरामने त्यात खाचा पाडल्या, खांब उलटा उभा केला, खुंट्या ठोकल्या. टेकू काढले तसा सांधा कुरकुरला, मग भार घेऊन गप्प झाला.

रंभाबाई दारातूनच बघत होती. "बाकीचे तरी सुलटे हायेत ना?"

परसरामने खोलीवर नजर फिरवली. सगळेच खांब वर जाड होत गेले होते.

"हायेत," तो म्हणाला.

तिने खाट ओढायला घेतली. दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ती न्यायला त्याने हात लावला, आणि मग हत्यारं गोळा केली.