जबाबातला एक शब्द

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या कारखान्यात तो लॅबमध्ये होता आणि हौस म्हणून कॅम्पवरच्या खोलीत व्होडका गाळायचा. माणूस कोकणातला, बोलणं अगदी सावकाश. "तीनदा गाळतो, पहिली धार सरळ मोरीत," हे तो भेटेल त्याला सांगायचा. स्वतः मात्र थेंबभर जिभेवर ठेवून थुंकून टाकायचा. पैसे कधी कुणाकडून घेतले नाहीत. शुक्रवारी ग्लास पुढे करायचा आणि आमच्या तोंडाकडे बघत बसायचा.

"घशाला लागत नाही ना, भाऊ?"

मी "नाही" म्हटलं की आठवडाभर खूश. आमचे मॅनेजरही त्याच्याकडून बाटली न्यायचे, खाकी पाकिटात घालून.

मग कुणीतरी तक्रार केली आणि कंपनीने खोली तपासली. चौकशीला मॅनेजरच बसले. जबाब लिहायला मी.

"लिखो, सड़ी हुई दारू बनाता था," नाक मुरडत ते म्हणाले.

नोकरी जाणार हे त्याला कळलं होतं, तरी त्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. जबाब वाचताना मात्र त्याचं बोट एका शब्दावर थांबलं. मॅनेजरना मराठी येत नव्हती.

"भाऊ, सडकी नका लिहू," तो हळूच म्हणाला. "तुम्ही प्यायलाय. तुम्हाला तरी माहीत आहे."

"क्या बोल रहा है?" मॅनेजरनी विचारलं.

"कुछ नहीं, सर," मी म्हणालो आणि सहीसाठी पेन त्याच्यापुढे केलं.

त्याने सही केली.