चंडोल नाही, असं मी म्हटलं

वैशाख सरत आला की कालव्यावरच्या माळाला एक वास येतो. वाळून पांढुरक्या पडलेल्या कुसळी गवताचा, मेंढ्यांच्या लेंड्यांचा आणि रात्रभरात जेमतेम निवलेल्या मुरमाचा असा तो मिश्र वास सकाळी सहाच्या सुमारास, ऊन अजून तिरपं आणि कोवळं असताना, वाऱ्याच्या झुळकीबरोबर अंगावर येतो आणि सूर्य हातभर वर चढला की विरून जातो. राहुरीतल्या आमच्या घरापासून हा माळ स्कूटरवर अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. खाली कालव्याच्या अंगाला जिकडेतिकडे ऊस. कालवा ओलांडून चढण चढून गेलं की जिथवर पाणी पोचत नाही तिथून माळ सुरू होतो, आणि पलीकडे, उन्हाळ्यात आत आत सरकलेल्या मुळा धरणाच्या पाण्याची एक चकाकती रेघ दिसते. आमच्या ओळखीतले लोक सुट्टीला भंडारदऱ्याला जातात, कळसूबाई चढतात आणि परत येऊन फोटो दाखवतात. आम्ही दोघं वीस वर्षं दर रविवारी या माळावर जातो, आणि आमच्याकडे दाखवण्यासारखा एकही फोटो नाही.

या सहलीत पक्षी माझ्याकडे आणि स्कूटर अरविंदरावांकडे, अशी सुरुवातीपासूनची वाटणी. अरविंदराव म्हणजे माझे यजमान. त्यांची सगळी नोकरी एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. गाड्यांची घरघर, प्रवाशांची वादावादी आणि या सगळ्यांवर ताण करणारा स्वतःचाच कर्ण्यातला आवाज, यातच त्यांची हयात सरली. पक्ष्यांचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. माळावर पोचलं की कडेच्या एकुलत्या एक हिवराच्या झाडाखाली सतरंजी टाकायची, थर्मासमधला चहा ओतायचा आणि वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं, हा त्यांचा निसर्गानंद. मी गळ्यात दुर्बीण आणि हातात खिशाएवढी वही घेऊन गवतातून हिंडायचे आणि परत येऊन काय काय दिसलं ते त्यांना सांगायचे. ते 'हं' म्हणायचे. मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे समोरचा ऐकतो आहे की नाही याची फारशी पर्वा न करता बोलत राहण्याची मला सवय होती.

माझा जीव जडला होता तो चंडोलावर. दिसायला अगदी सामान्य, मातीच्या रंगाचा, डोक्यावर लहानसा तुरा असलेला हा पक्षी जमिनीवर असताना ढेकळात ढेकूळ होऊन जातो. माळावरच्या इतर भुऱ्या पाखरांतून त्याला वेगळं काढणं मलाही सहज जमत नाही. पण वळवाच्या आधीच्या या दिवसांत तो एकाएकी गवतातून सरळ वर उठतो, आकाशात एका जागी पंख फडफडवत तरंगत राहतो आणि बारीक, नाजूक, न संपणारं गाणं गातो. तो असा वर असताना डोळ्यांना आपणहून कधीच सापडत नाही. आधी कान सांगतो, मग डोळा शोधतो. मुलांना मी हे वर्षानुवर्षं शिकवलं, आणि त्याचा अर्थ मला स्वतःला मात्र पासष्टीला टेकल्यावर कळला.

त्या माळासाठी मी एकदा भांडलेही होते. खालच्या वाडीतल्या तरुण मंडळाला तिथे झाडं लावायची होती, आणि झाडं लावणाऱ्याला विरोध करणारी बाई लोकांना विक्षिप्तच वाटते. मी वाडीच्या ग्रामसभेत उभी राहिले आणि सांगितलं, की हा माळ ओसाड नाही, इथे गवत आहे आणि गवतात चंडोलाची घरटी आहेत. झाडं आली की त्यांवर कावळे येतील आणि जमिनीवरची अंडी टिकणार नाहीत. निम्मी सभा माझ्या विद्यार्थ्यांची किंवा विद्यार्थ्यांच्या आईबापांची होती. 'बाई म्हणतात तर ऱ्हाऊ द्या,' एवढ्यावर विषय मिटला.

पुढच्या वर्षी चंडोल गायला नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, मी माळभर कान देऊन फिरले. टिटव्या ओरडत होत्या, होले घुमत होते, पण चंडोल नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हता. वहीत मी दर रविवारी त्याच्या नावापुढे 'नाही' लिहीत गेले. कारणंही माझ्याजवळ तयार होती: उसावरची फवारणी, गावातली कुत्री, उन्हाचा वाढता तडाखा. भेटेल त्याला मी ती सांगत होते, आणि खरं सांगायचं तर त्या दुःखात थोडा मोठेपणाही मिरवत होते.

यंदा झाडांचाच विषय घेऊन मंडळाचा नितीन घरी आला. माझाच विद्यार्थी, आता तीन मुलांचा बाप आणि ग्रामपंचायतीचा सदस्य. शनिवारी संध्याकाळी तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, तुमीच म्हनता चंडोल गेला. मग आता तिथं हाय काय? रोपं मिळालीत, खड्डे घ्यायचेत. मानसं उद्या सकाळीच येत्यात. तुमी हो म्हना, तुमच्या शब्दाबिगर आमी कुदळ मारनार न्हाई."

मला नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. "उद्या माळावरच येते," मी म्हणाले, "तिथंच सांगते." पण मनात 'हो' ठरलेलं होतं. अरविंदराव चहाचे कप उचलत होते.

त्या रविवारी त्यांनी स्कूटर नेहमीपेक्षा हळू चालवली. हिवराखाली सतरंजी टाकली, पण वर्तमानपत्र उघडलं नाही. माळावर खड्ड्यांसाठी फक्कीच्या पांढऱ्या फुल्या मारलेल्या होत्या, ओळीने, थेट पाण्याच्या रेघेपर्यंत. मी त्यांच्याकडे बघत उभी होते. डोळे भरून आले होते, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसले.

"गातोय," अरविंदराव म्हणाले.

"कोण?"

"तुझा चंडोल. तिकडं, वर."

मला वाटलं, थट्टा करताहेत. आणि त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. पण त्यांचा हात वर होता, वर्षानुवर्षं फलाटावरच्या गाड्या दाखवण्यात तरबेज झालेला तो हात, अगदी नेमका. मी दुर्बीण लावली. निळ्या-पांढऱ्या झगझगाटात एक ठिपका थरथरत होता. चोच उघडी होती. गळा फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर गाणारी बाई दिसावी, तसा तो दिसत होता.

मला कालव्यापलीकडचा ट्रॅक्टर ऐकू येत होता. टिटवी ऐकू येत होती. अरविंदरावांचा श्वास ऐकू येत होता. मी दुर्बीण खाली घेतली.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी होता. त्याच्या आदल्या वर्षीही होता."

मग एकेक उलगडत गेलं. कुकर लावला की शिट्ट्या मोजायला हे स्वयंपाकघरात येऊन उभे राहू लागले होते, दारावरची बेल वाजली की माझ्याआधी उठत होते, फोन स्वतः घेऊन मग माझ्या हातात देत होते. निवृत्तीनंतर माणसाला घराची ओढ लागली, असं मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलं होतं.

मी संतापले. अगदी आवाज चढवून संतापले. दोन वर्षं मी गावभर खोटं सांगत फिरले, आणि खरं माहीत असलेला माणूस स्कूटरवर माझ्याच पुढच्या सीटवर बसला होता!

"सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस," ते म्हणाले. "तुला मी ओळखतो. मग रविवारी मी एकटा कुठं आलो असतो?" मग म्हणाले, "आजही सांगणार नव्हतो. पण मग माळच गेला असता."

वीस वर्षं 'हं' म्हणणाऱ्या या माणसाने चंडोल ओळखायला कधी शिकून घेतलं, हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात नितीन आणि चारपाच जण कुदळी-फावडी घेऊन चढण चढून येताना दिसले, आणि माझ्या मनात एक सोपं वाक्य आलं. 'चंडोल परत आला.' एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माळ वाचला असता, माझा शब्द राहिला असता, आणि कानाचा विषय आम्हा दोघांतच मिटला असता. चाळीस पावलांचं अंतर होतं. तेवढ्यात ते वाक्य मी मनात दोनदा म्हणून पाहिलं, आणि ते छान बसतही होतं. पण पुढच्या वैशाखात पुन्हा कुणी विचारलं असतं, 'बाई, औंदा हाय का?' तर मी कोणत्या कानाने सांगणार होते?

"नितीन, खड्डे घेऊ नका," मी म्हणाले. "चंडोल इथंच आहे. तो गेलाच नव्हता. मलाच ऐकू येत नाही."

बोलून झाल्यावर कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कुणी हसलं नाही. नितीनने कुदळ खाली टेकवली आणि आकाशाकडे बघितलं.

"ह्योच का त्यो?" तो म्हणाला. "बाई, ह्यो तर आमाला रोज ऐकू येतो. मेंढरं घेऊन आलं की डोक्यावरच आस्तो. पन तुमी म्हनला चंडोल गेला, तवा आमाला वाटलं, ह्यो दुसराच कुनी आसंल."

ऐकू न येण्याचं मला तोवर जेवढं वाईट वाटलं होतं, त्याहून जास्त हे ऐकू आल्याचं वाटलं. माझ्या कानांचं एक वेळ समजण्यासारखं होतं. वयाने ते थकले. पण यांचे कान धडधाकट होते, रोज डोक्यावर गाणं होतं, आणि केवळ मी 'नाही' म्हटलं म्हणून या माणसांनी आपलं ऐकणं बाजूला ठेवलं होतं. निरीक्षण करा, स्वतः बघा, स्वतः ऐका, असं फळ्यावर खडूने लिहिणारी बाई मीच होते. त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं ते भलतंच.

झाडं कालव्याच्या रस्त्याला लावायची ठरली. तिथे पाणीही जवळ आहे आणि चालणाऱ्याला सावलीही हवी आहे. नितीनने एक अट घातली, की खड्डे कुठे घ्यायचे ते या वेळी मंडळ ठरवेल. मी लगेच कबूल झाले.

परतीच्या वाटेवर, सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं, ते काय म्हणतील, यंत्र लावावं लागेल का, हे सगळं डोक्यात होतंच. पण त्याहून मला छळत होतं ते दुसरंच. या दोन वर्षांत मी आणखी कशाकशाला 'नाही' म्हणून टाकलं होतं?

फाटकातून आत आलो. कुंपणापाशी जास्वंद उभी होती, लाल फुलांनी लगडलेली. त्या फुलांवर येणारा, बारीक चिवचिवणारा इवलासा शिंजीर पक्षी शेजारची इमारत झाल्यापासून नाहीसा झाला, असं मी शेजारणीला तोंडावर ऐकवलं होतं आणि तिने बिचारीने ते मुकाट्याने मान्यही केलं होतं.

"अहो," मी विचारलं, "या झाडात कुणी आहे का?"

अरविंदरावांनी स्कूटर स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि मान किंचित कलती करून ऐकलं.

"आहे," ते म्हणाले. "दोन आहेत."