सुरांना लागलेले पाय

ऑर्गनचे सूर पायांनीही वाजवतात, हे मला प्रवेश घेऊन झाल्यावर कळलं.

मिरजेत वाढलेल्या, वडिलांच्या मांडीला मांडी लावून पेटी शिकलेल्या माणसाला एवढंही माहीत नसावं? माहीत होतं, तेच नडलं. आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनलाही पाय लागतात, पण भात्याला. सूर वर, हातांखाली, सुखरूप. नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला राहायला आल्यावर एकदा चर्चमधला मोठा ऑर्गन ऐकला, छातीत काहीतरी थरथरलं, आणि मला वाटलं, ही तर आपलीच पेटी, फक्त हिला कोणीतरी भरपूर खाऊपिऊ घातलंय. मग त्रेचाळिसाव्या वर्षी ऑफिसचे दोन दिवस कमी करून मी एका छोट्या ख्रिस्ती विद्यापीठात संगीताला नाव घातलं. तिथे नुसतं संगीत शिकवत नाहीत, सोबत तत्त्वज्ञान, इतिहास आणि बायबलही घ्यावं लागतं. माझी बायको सायली म्हणाली, "अरे, आरतीला साथ करतोस तेवढी पुरे नाही का? तीही लोक टाळ्या जोरात वाजवतात म्हणून निभावते."

पहिल्याच तासाला माझ्या शिक्षिकेने, मारैकेने, बाकाखालच्या लांब लाकडी पट्ट्या दाखवल्या आणि सांगितलं, हे खालचे सूर, हे पायांनी. लहानपणी पेटीला चुकून पाय लागला तर माझे वडील, अण्णा, वाजवणं थांबवायचे. पेटीला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय पुढचा सूर नाही. दर पौर्णिमेला आम्ही नरसोबाच्या वाडीला जायचो. पादुकांवर डोकं टेकवणारी माणसं आम्ही. पाय पुजायचे ते देवाचे. स्वतःचे आवरून बसायचं. इथे मात्र पायाखाली सा, रे, ग, म अंथरलेले, आणि बाई म्हणतेय, दाब.

मी तडजोड केली. बाकीचे विद्यार्थी ऑर्गनसाठी खास पातळ तळव्यांचे बूट घालायचे. मी अनवाणी बसू लागलो. आणि प्रत्येक ओळ संपली की खाली वाकून पट्टीला हात लावायचा, कपाळाला लावायचा, मग पुढची ओळ. मारैकेला वाटलं माझी पाठ धरलीय. दोन आठवडे ती मला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जायला सांगत होती. शेवटी खरं कारण सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला तुझ्या श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही. पण लोक गात असताना ऑर्गन थांबला तर गाणं पडतं." ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी विद्यापीठाच्या चॅपलमधल्या प्रार्थनासभेत शेवटचं भजन मी वाजवायचं, पायांसकट, न थांबता. जमलं तर ऑर्गन चालू. नाही तर पुढच्या सत्रापासून मी गायनवर्गात. माझा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना ही शिक्षा कोणाला होती ते कळेल.

गुरुवार म्हणजे माझा दत्ताचा वार, उपास. रिकाम्या पोटी चॅपलमध्ये जाऊन बसलो. समोर क्रूस, मनात वाडीच्या पादुका, आणि डोक्यात नुसता गोंधळ. मागायचं कोणाकडे? ज्याच्या घरात बसलोय त्याच्याकडे, की ज्याला ओळखतो त्याच्याकडे? आणि मागायचं तरी काय, पाय चालू देत की पाप लागू नये? वर्षभर तत्त्वज्ञान शिकून मला एवढंच जमत होतं की एका प्रश्नाचे तीन करायचे. बूट-मोजे बाजूला काढून ठेवले आणि ऑर्गनजवळच्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर डोळे मिटून म्हटलं, मला काही कळत नाही, जो कोणी असशील तो बघ बाबा.

पायांना कोमट पाणी लागलं म्हणून दचकून डोळे उघडले.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या दिवशी तिथे एकमेकांचे पाय धुण्याची प्रथा असते, हे मारैकेने वर्गात सांगितलं होतं. मी तेव्हा वाकलेलो असणार. ज्यांना पाय धुवून घ्यायचे ते कडेच्या रांगेत अनवाणी बसतात. मी नेमका तिथे, नेमका तसा. आणि माझ्यासमोर ऐंशीच्या घरातली एक बाई, रोलेटर, म्हणजे चाकांचा वॉकर, बाजूला लावून, गुडघे टेकून, माझा पाय घमेल्यात धरून बसलेली.

माझा जीवच गेला. आईच्या वयाच्या बाईने माझ्या पायांना हात लावायचा? "नाही, नाही, मेव्राव, बाई!" म्हणत मी पाय ओढला, पाणी तिच्या झग्यावर सांडलं, आणि निदान आपण तिच्या पाया पडावं म्हणून मी झटकन खाली वाकलो. ती त्याच क्षणी वर बघत होती. दोन डोकी अशी आपटली की मागच्या रांगेतून कोणीतरी "ओई!" म्हणालं. तिने कपाळ चोळलं आणि डचमध्ये, रागावून नाही, भाजी निवडता निवडता मुलाला सांगावं तसं म्हणाली, "दोघंही वाकलो तर कोणाचेच पाय धुतले जाणार नाहीत. तू बस बघू."

मी बसलो. तिने पाय धुतले, बोटांमधली फटसुद्धा, टॉवेलने टिपले. वाडीला पुजारी पादुका पुसतात ते मला आठवत राहिलं, आणि हे आठवावं की नाही हेही कळेना. डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात मारैकेने खूण केली.

तसाच ओल्या पायांनी बाकावर बसलो. पहिली खालची पट्टी दाबली आणि मोठ्या तंबोऱ्याचा खर्ज उठावा तसा सूर तळव्यांतून वर आला, बाकातून, पाठीतून. लोक गायला उठले. मी वाकलो नाही. वाकायचं राहून गेलं म्हणा. चार कडवी कशी संपली मला ठाऊक नाही.

नंतर त्या बाईला शोधलं. दाराशी रोलेटरच्या चाकांच्या ओल्या रेघा होत्या. मारैके म्हणाली, आसपासच्या गावातून कोणी आली असेल, त्या दिवशी येतात लोक. असेल. मी हाक कोणाला मारली आणि आलं कोण, हे मला आजही सांगता येत नाही, आणि आता ते सोडवायची घाईही नाही. जन्मभर मी नमस्कार करण्यात पटाईत होतो. कृपा समोर येऊन बसली की हात-पाय सैल सोडून नुसतं बसावं लागतं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलं असेल, मी तेव्हाही वाकलेलो असेन.

घरी आलो तर सायलीने ऑफिसमधून चॅपलचं थेट प्रक्षेपण बघून त्याची लिंक केव्हाच मिरजेला धाडलेली. अण्णांना मी ऑर्गनच्या पायांबद्दल वर्षभर चकार शब्द बोललो नव्हतो. फोन लावला.

"अण्णा, सुरांना पाय लागले माझे."

"लागू देत रे. पाय सुरात होते," अण्णा म्हणाले. "कान पकडायचेच असतील तर डाव्या हाताने जे काही केलंस ना, त्यासाठी पकड."